सातशे तीनचा धूर

१

शुक्रवारी सकाळी आमच्या विंगमध्ये आगीचं मॉक ड्रिल झालं. देखभालीच्या कंपनीचा माणूस घरोघर शिरून छतावरच्या स्मोक अलार्मखाली डब्यातला खोटा धूर फवारत होता. प्रत्येक घरातला अलार्म कोकलला. सातशे तीनचा मात्र गप्प बसला.

परक्याला यात काही विशेष वाटणार नाही, म्हणून सांगते. आमच्या सीवूड्सच्या या टॉवरमध्ये सातशे तीनचा अलार्म म्हणजे सगळ्यांच्या डोक्याला ताप होता. त्याला वाजायला आग लागत नसे. जरा काही झालं की तो बोंब ठोकायचा, अख्ख्या विंगचे भोंगे सुरू व्हायचे, आणि दोन्ही लिफ्ट आपोआप तळमजल्यावर येऊन दारं उघडून बसायच्या. मग वॉचमन जिन्याने वर जाणार, आग नाही याची खात्री करणार, खाली येऊन पॅनलशी झटापट करणार. तोवर वरचे वर आणि खालचे खाली. असा हा वाचाळ प्राणी एकाएकी मुका कसा झाला?

कंपनीचा माणूस शिडीवर चढला आणि म्हणाला, "याचं तोंड बांधलंय कुणीतरी."

अलार्मच्या गोल डबीवर निळ्या रंगाच्या दोन टोप्या एकावर एक चढवल्या होत्या. पातळ, जाळीसारख्या, इलॅस्टिकच्या. कडेने पांढरी पट्टी अशी निगुतीने चिकटवली होती की खालून पटकन दिसूही नये.

"शॉवर कॅप!" सेक्रेटरी दिलीप गोगटे ओरडले. "हा गुन्हा आहे गुन्हा! उद्या खरोखर आग लागली तर?"

ते सातशे चारमध्ये राहतात, समोरच्याच दारात. सगळ्यांच्या माना सातशे तीनच्या मालकिणीकडे वळल्या.

मालतीबाई घरत इथल्या मूळच्या. हा टॉवर नव्हता तेव्हा इथे शेत होतं, आणि त्या शेतात त्या सून म्हणून आल्या. यजमान धर्मराज वारले, मुलगा कुंदन कामधंद्यासाठी उरणकडे, द्रोणागिरीला गेला, आणि बाई सातव्या मजल्यावर एकट्या राहतात. मासळी तळतात म्हणून अलार्म वाजतो, हे सोसायटीने कधीच ठरवून टाकलं होतं.

मालतीबाईंनी त्या निळ्या टोपीकडे बराच वेळ पाहिलं. मग पदर खोचून म्हणाल्या, "मीच लावली. मना ती घंटा नको व्हती."

मी, मीना तिरोडकर, नोकरीभर विमा कंपनीसाठी आगीचे दावे तपासले. कुणी विचारायच्या आत कबुली देणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर दुसऱ्याला पाठीशी घालत असतो. मालतीबाई वेड्या नाहीत.

२

"तिरोडकर मॅडम, तुम्ही या विषयातल्या जाणकार," गोगटे मला जिन्यात गाठून म्हणाले. "रविवारी संध्याकाळी सभा आहे. अलार्मशी छेडछाड झाली, ती मालतीबाईंनी केली, एवढं दोन ओळींत लिहून द्या. पुढचं सोपं आहे. कुंदन येतोय उद्या. आईला द्रोणागिरीला नेणार, फ्लॅट भाड्याने देणार. सगळ्यांचीच सुटका."

"मालतीबाईंची पण?"

"त्यांनी कबूल केलंय!"

"बघितल्याशिवाय मी लिहीत नाही," मी म्हटलं. मला ही घाई आवडत नाही. आग विझायच्या आत भरपाईचा अर्ज घेऊन उभे राहणारे लोक मी फार पाहिलेत.

मी सातशे तीनमध्ये गेले. बाईंनी स्टूल पुढे केलं. "बसा."

"बसत नाही. तुम्ही त्याच्यावर चढून दाखवा."

त्यांनी पाय उचलला, गुडघा धरला, आणि पाय खाली ठेवला. त्या माझ्या खांद्याला लागतात. स्टुलावर चढल्या असत्या तरी हात छताला पोचला नसता.

"काठीनं लावली," त्या म्हणाल्या.

"काठीने टोपी लागेल. पट्टी नाही लागणार."

मी स्वयंपाकघर बघून घेतलं. डक्टकडची खिडकी बंद होती आणि तिच्यावर सोसायटीची नोटीस डकवली होती: मासळीचा वास पसरत असल्याने ही खिडकी उघडू नये. खाली दिलीप गोगटे यांची सही. ओट्याच्या वर एक्झॉस्टचा पंखा होता, पाती तेलाने काळीकुट्ट.

"हा लावता?"

"मासली करतांना लावतेच की. वास गेला पायजे ना बाहेर."

भिंतीला एक काळा तवा टांगलेला होता. दुसरा, लखलखीत, वरच्या फळीवर पंचात गुंडाळून ठेवलेला. विचारलं तर म्हणाल्या, "तो वाराचा." शेजारी परातीत, तांदळाच्या पिठात हाताचा ठसा उमटला होता.

"मालतीबाई, तुम्हाला द्रोणागिरीला जायचंय?"

इतका वेळ ताठ उभी असलेली बाई एकदम खचली. "तिकरं काय हाय? खिडकीतून कंटेनर दिसतात नुस्ते. सगली सकाली कामाला जातात, मी कोनाशी बोलू? हितं मासलीवाली माझ्या नावानं हाक मारते. माझा धनी याच जमिनीत राबला. मना नाय जायाचा." डोळे पुसून त्या पुन्हा ताठ झाल्या. "पन टोपी मीच लावली."

आपलं घर जाणार हे ठाऊक असूनही बाई खोटं बोलत होत्या. म्हणजे ज्याला वाचवत होत्या तो माणूस त्यांना घराइतकाच जवळचा होता. असा माणूस मला एकच सुचला.

३

कुंदन घरत शनिवारी रिकामी खोकी घेऊन आला. द्रोणागिरीला त्याचं शीतगोदाम आहे. कोळंबी पॅक होऊन बंदरावर जाते.

"तुमच्या गोदामात कामगार डोक्याला काय घालतात?" मी सरळच विचारलं.

"टोपी. निळी." तो थबकला. "ओ मॅडम, काय बोलताय? मी कशाला आयचं नाव खराब करीन?"

"तुम्हाला आई द्रोणागिरीला हवी आहे. आणि किल्ली तुमच्याकडे आहे."

"हवीय ना! तीन वेळा मला सोसायटीचा फोन आला, तुमची आई अशी, तुमची आई तशी. टेन्शन नाय येणार? कोनी माझ्या आयला बोललेलं मला चालत नाय. त्याच्यापेक्षा चल म्हटलं माझ्याकडे." त्याने खोक्यावर टेप ओढला. चर्रर आवाज झाला. तपकिरी, जाड, गोदामाचा टेप. दाताने तुटेना म्हणून त्याने कटर काढला. "आणि किल्ली एकट्या माझ्याकडे हाय का? खाली सोसायटीच्या ऑफिसात पण हाय. एकट्या म्हाताऱ्या मानसांची ठेवतात."

त्याचं खरं होतं. ऑफिसचं कपाट दिवसभर उघडं असतं.

"सोमवारनंतर तुमची आई कुठे बाहेर गेली होती?"

"माझ्याकडे. बुधवारी पोरीचा वाढदिवस होता. सकाळी नेली, रात्री सोडली."

सोमवारी अलार्म वाजला होता. गुरुवारी वाजला नाही. बुधवारी घर रिकामं. तेव्हाच तोंड बांधलं गेलं असणार.

मी शेजारच्या सातशे दोनमध्ये गेले. प्राची घरून ऑफिसचं काम करते, आणि तिचं बाळ जराशा आवाजानेही उठतं. अलार्मवर तिचा राग असणं साहजिक होतं.

"काकी मासे तळतात हो," ती म्हणाली. "अलार्म वाजला की तो वास येतोच."

"सोमवारी आला?"

"सोमवारी तर नक्की! माझा रिव्ह्यू होता, बाळ किंचाळत होतं."

"त्याच्या आधी कधी वाजला?"

"गुरुवारी. त्याच्या आधी... सोमवारीच. नेहमी माझ्या मीटिंगच्या दिवशीच वाजतो, बघा ना."

"आणि दर वेळी मासळीचा वास?"

"आला की. म्हणजे... येतो ना त्यांच्याकडून." तिने जरा विचार केला. "खरं सांगू? सोमवारी मी दार उघडलं तेव्हा काकी टॉवेलने धूर हाकलत होत्या. केस ओले होते. वास... तसा नव्हता बहुतेक. करपल्यासारखा होता."

मी मालवणी. मासे खाणाऱ्या घरात वार कसे पाळतात हे मला कुणी शिकवायला नको. सोमवारी आणि गुरुवारी मालतीबाईंच्या चुलीवर सुकटीचं शेपूटदेखील चढणार नाही. म्हणजे जी मासळी अलार्म वाजवते म्हणून सोसायटी उन्हाळ्यापासून बोंबलत होती, ती त्या दिवशी घरातच नव्हती!

४

रविवारी दुपारी गोगट्यांच्या दारावरची बेल वाजवली. ते फोनवर सभेचीच व्यवस्था लावत होते. खुणेने बसा म्हणाले.

त्यांच्या पत्नी, जागृतीवहिनी, कोचावर पडून होत्या. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून त्यांचं डायलिसिस चालतं. रंग उडालेला, हात काडीसारखे. उशाशी ट्रेमध्ये गोळ्या, कापूस, गॉझ, चिकटपट्टी. मला बघून हसल्या. "मीनाताई, आज इकडे कशा? कसली गडबड चाललीय हो? हे मला काही सांगतच नाहीत. ताण घेऊ नको म्हणतात."

मी काही बोलायच्या आत गोगटे आले आणि मला बाल्कनीत घेऊन गेले. आवाज खाली आणून म्हणाले, "हिच्यासमोर तो विषय नको. लिहिलंत?"

"एक सांगा, तुमचा एवढा राग का?"

"राग? दवाखान्यातून आम्ही परत येतो, गाडी गेटातून आत शिरते, आणि हा अलार्म वाजलाच म्हणून समजा! दर वेळी नाही, पण वाजतो तेव्हा नेमका तेव्हाच. लिफ्ट बंद. ही खाली खुर्चीत मान टाकून बसलेली. उभं राहायचं त्राण नसतं हो तिला. सात मजले मी उचलून नेऊ?" त्यांचा आवाज चिरकला. "मुद्दाम करते ती बाई. मी नोटिसा लावल्या त्याचा सूड. त्या घरचं पाणीसुद्धा आम्ही घेत नाही, तिला ते लागलंय."

"दवाखान्याचे वार कुठले?"

"सोमवार आणि गुरुवार."

त्यांचा फोन पुन्हा वाजला. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. भांड्यांच्या जाळीत, मोठ्या ताटांच्या मागे, एक धुतलेली ताटली उभी होती. स्टीलच्या भांड्यावर नाव कोरायची आपल्याकडे पद्धतच आहे; दुसऱ्याच्या घरी गेलेलं भांडं परत यावं म्हणून. नाव वाचलं आणि मी पाणी प्यायचं विसरले.

ताटलीच्या काठावर लिहिलं होतं: धर्मराज घरत.

५

मी तडक सातशे तीनमध्ये गेले. आधी वॉचमनला खाली फोन करून सांगितलं, वाजलं तर घाबरू नका, मी तपासणी करतेय. टोपी काढलेला अलार्म छतावर लाल डोळा मिचकावत होता.

"मालतीबाई, आज रविवार. बोंबील तळा."

त्यांनी काळा तवा काढला, पंखा लावला, बोंबील सोडले. चर्र करून तेल उडालं, वासाने घर भरलं. पंख्याने सगळा धूर ओढून नेला. अलार्म ढिम्म.

"आता तांदळाची भाकरी करा. त्या दुसऱ्या तव्यावर. तुम्ही सोमवारी करता तशीच, अगदी तशीच."

त्यांनी हात धुतले, पंचा सोडून लखलखीत तवा काढला, आणि पंखा बंद केला.

"पंखा का बंद केलात?"

"त्याला मासलीचा तेल लागलाय. थेंब पडला तं भाकरीवर? खानारीचा धरम बुडवू का मी?"

भाकरी थापली गेली, तव्यावर पडली, मग आचेवर. सुटलेलं पीठ जळलं. खिडकी बंद, पंखा बंद. निळसर धूर छताला लागून हळूहळू घरातल्या पॅसेजमधल्या अलार्मपर्यंत सरकला, आणि विंगचे सगळे भोंगे एकदम बोंबलू लागले.

मालतीबाई टॉवेल घेऊन धावल्या. मी त्यांचा हात धरला. "राहू द्या. चला माझ्याबरोबर. ती भाकरी पण घ्या."

६

सातशे चारचं दार गोगट्यांनी रागाने उघडलं. मालतीबाईंच्या हातात झाकलेली ताटली बघून ते काही बोलणार, तेवढ्यात मी आत शिरून बसले.

"गोगटे, दोन वेगवेगळी कोडी आहेत. अलार्म कशाने वाजतो, आणि त्याचं तोंड कुणी बांधलं. दुसरं आधी सांगते. ती शॉवर कॅप नव्हती. शॉवर कॅप प्लॅस्टिकची असते, पाणी अडवते. या टोप्या जाळीच्या. अशा दोन ठिकाणी मिळतात: कुंदनच्या गोदामात, आणि दवाखान्यात, वॉर्डाच्या बाहेर. कुंदन जाड तपकिरी टेप वापरतो, त्याला कटर लागतो. छतावरची पट्टी कागदी होती, हाताने तुटणारी. कातडीवर गॉझ चिकटवायची. ती वहिनींच्या उशाशी ट्रेमध्ये आहे. बुधवारी मालतीबाई बाहेर होत्या. ऑफिसातली किल्ली घ्यायला तुम्हाला कोण अडवणार? गुरुवारी तुमची गाडी आली, अलार्म वाजला नाही, लिफ्ट चालू राहिली."

गोगट्यांनी बायकोकडे पाहिलं. मग खुर्चीत बसले.

"एकदा तरी तिला सरळ वर नेता यावं," ते म्हणाले. "एवढंच होतं मनात. ड्रिलची तारीख नंतर ठरली. आणि वर चढलेला तो माणूस सगळ्यांसमोर... मी बोलायला पाहिजे होतं. त्यांनी कबूल केलं आणि मी गप्प बसलो."

"कबूल? काय कबूल केलं?" वहिनी उठून बसायला लागल्या. "मालती, काय केलंस तू?"

"काय नाय गो. टोपी बघितली नि मी वलखली," मालतीबाई हळू म्हणाल्या. "दवाखान्यातून येताना तुझ्या डोक्याला असती ना तसलीच. म्हटलं, यांचं नाव लागलं तं तुझ्याकडं कोन बघील? सेक्रेटरीला पोलिसात नेतील..."

"आणि तुझं?"

"मना कुंदन नेनार होता."

वहिनींना रडू फुटलं. मी ते संपायची वाट पाहिली.

"आता पहिलं कोडं," मी म्हटलं. "वहिनी, सोमवारी घरी आल्यावर हे गाडी लावायला खाली जातात. तेव्हा तुम्ही काय खाता?"

वहिनींनी मालतीबाईंच्या हातातल्या ताटलीवरचं झाकण काढलं.

"एकदा बाहेरच्या पॅसेजमध्ये मला उलटी झाली होती. तुम्ही घरी नव्हतात. मालतीने सगळं धुतलं, मला भाकरी भरवली. बिनमिठाची, तुपाचं बोट लावून. तुम्ही डॉक्टरांच्या तक्त्याप्रमाणे करता ती खिचडी माझ्या घशाखाली उतरत नाही हो. तेव्हापासून ती करते. आंघोळ करून, वेगळ्या तव्यावर. बाल्कनीतून आपली गाडी गेटात शिरताना दिसली की तवा ठेवते. मला गरम मिळावी म्हणून."

गाडी गेटात शिरली की अलार्म का वाजतो, याचं उत्तर गोगट्यांसमोर ताटलीत होतं.

"खिडकी तुमच्या नोटिशीने बंद," मी म्हटलं, "आणि पंखा तुमच्या सोवळ्यासाठी बंद. धूर जाणार कुठे?"

"मंग लिफ्ट बंद व्हायची ती..." मालतीबाईंचा चेहरा पांढरा पडला. "माझ्या भाकरीपायी तू खाली बसून रहायचीस? बोलली का नाय कधी?"

"बोलले असते तर तू भाकरी बंद केली असतीस," वहिनी म्हणाल्या. "भोंगा झाला की मला कळायचं, मालतीने तवा ठेवला. मग तिथे बसून राहणं जमायचं. स्वार्थ माझा. तुझ्यावर एवढं चाललंय हे मला कुणी सांगितलं नाही, गं."

संध्याकाळी सभेत मी काही लिहून दिलं नाही. गोगटे उभे राहिले आणि म्हणाले, "टोपी मी लावली. मालतीबाईंचा काही संबंध नाही." सेक्रेटरीपदाचा राजीनामा त्यांनी त्याच दमात दिला. भाकरीबद्दल अवाक्षर काढलं नाही; ते वहिनींचं होतं. कुंदनने खोकी फोडून गाडीत टाकली आणि आईला विचारलं, बोंबील उरलेत का.

७

अलार्मची जागा बदलायला कंपनीचा माणूस मंगळवारी येणार होता. खिडकीवरची नोटीस गोगट्यांनी स्वतः नखांनी खरवडून काढली. पण सोमवार मंगळवारच्या आधी येतो, आणि त्या दुपारी खाडीवरचा वारा नेमका त्या खिडकीतून आत घुसत होता.

मी भाजी घेऊन लॉबीत शिरले तर गोगटे वहिनींना धरून लिफ्टकडे नेत होते. तेवढ्यात भोंगे वाजले. लिफ्टची दारं उघडली आणि तशीच राहिली. वर कुठेतरी प्राचीचं बाळ रडायला लागलं.

वहिनी खुर्चीत टेकल्या. डोळे मिटलेलेच होते. "झाली वाटतं," त्या म्हणाल्या.

गोगट्यांनी लिफ्टकडे पाहिलं, वॉचमनकडे पाहिलं. मग चपला नीट केल्या आणि जिना चढायला लागले. साठी उलटलेला माणूस. बराच वेळ गेला. खाली आले तेव्हा धाप लागली होती, आणि हातात धर्मराज घरत यांच्या नावाची ताटली होती, वर दवाखान्याची नवी निळी टोपी झाकलेली.

टोपी काढली तर भाकरीतून वाफ येत होती. त्यांनी तुकडा मोडून बायकोच्या तोंडात घातला. तिने तो सावकाश खाल्ला, आणि दुसरा तुकडा मोडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एकदा इकडेतिकडे पाहिलं आणि खाल्ला.

"मीठ नाही यात," ते म्हणाले.

"तुमच्यासाठी नाहीच केलेली," वहिनी म्हणाल्या.